ज्याचा कप त्यानं विसळावा

मी त्यांच्या घरात भाड्यानं राहिले त्या सगळ्या वर्षांत त्यांनी माझ्या हातातून एकही वस्तू घेतली नाही. किल्ली नाही, काडेपेटी नाही, त्यांच्याच वडिलांसाठी मी उपकेंद्रातून आणलेली गोळ्यांची पुडीसुद्धा नाही. मी हात पुढे केला की हे गृहस्थ एक पाऊल मागे सरायचे आणि हनुवटीनं ओसरीतल्या फळीकडे दाखवायचे. "तितं ठेवा, बाई." मी ठेवायची, हात काढून घ्यायची, मग ते उचलायचे. देतानाही हाच सोहळा. सुरुवातीला मला वाटलं, परकी बाई म्हणून संकोच असेल. मग पाहिलं तर पोस्टमनची तीच गत आणि दूधवाल्याचीही तीच. मग वाटलं, शिष्टपणा आहे. मग वाटलं, डोक्यातला एखादा स्क्रू ढिला आहे. गावाचं मत हे शेवटचं होतं, आणि आमच्या त्या गावात मत असलं की ते माणसाच्या तोंडावरच सांगायची पद्धत होती.

गाव मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, पौड मागे टाकलं की पुढे लागायचं. नाव सांगत नाही. तिथल्या ज्या पोरींची बाळंतपणं मी केली त्या अजून मला दिवाळीला फोन करतात, त्यांना कशाला दुखवा? आणीबाणी नुकतीच उठली होती. मी सरकारी नर्स, नवी बदली झालेली, एकटी. खोली शोधताना प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच, "तुमी कोनाच्यातल्या, बाई?" मी सांगायची, "सरकारच्यातली." या उत्तरावर खोली काही मिळत नसे. शेवटी बौद्धवाडीच्या कडेला एक पक्कं घर दिसलं. ओसरीत हे गृहस्थ हातात पाना घेऊन बसलेले. त्यांनी मला तो प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "खोली हाय. दार आपोआप लागतंय, किल्ली संगं ठेवत जा." एवढंच त्यांचं स्वागत.

दार खरंच आपोआप लागायचं. दोरीला बांधलेला एक दगड खाली यायचा, कडी पडायची आणि किल्लीशिवाय कुणाच्या बापाला ते उघडायचं नाही. तिसऱ्याच दिवशी मी डोक्याला शिकेकाई लावलेली, बादली घ्यायला बाहेर आले आणि मागे दगड उतरला. किल्ली आत. मी तशीच ओसरीत उभी, डोळ्यांत शिकेकाईचं पाणी. यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दारानं त्याचं काम केलं." मग अर्धा तास खटपट करून दार उघडून दिलं, आणि त्या अर्ध्या तासात दाराची तारीफ चालूच होती. मी त्यांना इतकी बोलले, इतकी बोलले, की त्यांची बायको आतून पदर तोंडावर धरून हसत बाहेर आली. "बाई, म्या बी चारदा आडकलीया," ती म्हणाली.

घरभर असे खटके. खटका हा त्यांचा शब्द, आणि त्यावरूनच गाव त्यांना खटकेवाले म्हणायचं. हात धुवायला पायानं दाबायचा खटका. मिठाच्या डब्याला खटका, एकदा ओढला की एक चिमूट, त्यामुळे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या आमटीला कायम मीठ कमी. खुराड्याचं दार उघडायला अंथरुणाजवळून गेलेली दोरी. तरुणपणी ते पिंपरीकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले होते, आणि पुढे वडिलांची दम्याची तक्रार वाढल्यावर नोकरी सोडून गावी परतले होते. त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये टोकन टाकून नळाखाली कप धरायचा आणि चहा घ्यायचा, अशी सोय होती म्हणे. त्या नळाचं वर्णन ते असं करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कुठल्या तरी तीर्थाला जाऊन आलेत.

"त्यात मधी मानूसच न्हाई, बाई," ते म्हणायचे. "मधी मानूस आला की घोळ आला. मानूस तुमचं तोंड बगतो, कापडं बगतो, मग ठरवतो तुमाला काय द्याचं आन कसं द्याचं. खटका कायबी बगत न्हाई. नानं खरं का खोटं, तेवडंच बगतो."

मी म्हणायची, "दादा, मग उद्या बाळंतपणालाही खटका करा." ते खरंच विचारात पडायचे. थट्टा त्यांना कळत नसे, किंवा कळली तरी तिच्यातून काही बनवता येतं का हे ते आधी पाहायचे.

तर असे हे खटकेवाले, आणि त्यांनी गावाच्या फाट्यावर चहाचं यंत्र उभं केलं. साल नेमकं आठवत नाही; मी येऊन दुसरा उन्हाळा असावा. ग्रामपंचायतीनं परवानगी दिली, कारण सरपंचांना खात्री होती की हे चार दिवसांत बंद पडणार आणि गावाला फुकट करमणूक होणार. एसटीच्या शेडला टेकून एक पत्र्याची टाकी, दुहेरी, मधे भुसा भरलेला, खाली कोळशाची शेगडी. सकाळी वहिनी चहा उकळून टाकीत ओतायच्या. पुढे एक खाच, तिच्यात चार आण्याचं नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, बरोबर एक कप चहा पडायचा, थेंब जास्त नाही. नाणं झिजलेलं असेल किंवा कुणी नाण्याऐवजी नट-बोल्टाचा वायसर टाकला तर ते खालून परत यायचं आणि सायकलची घंटी वाजायची. ही घंटी फार वाईट. ती वाजली की सगळा फाटा मान वळवून बघायचा, आणि वायसर टाकणारा भला माणूस एकदम आकाशात ढग शोधू लागायचा.

बाजूला फळीवर पाच-सहा पांढरे कप, कान असलेले. शेजारी पाण्याचं पिंप, पायानं दाबायचा खटका. आणि वर पाटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: ज्याचा कप त्यानं विसळावा.

सगळ्या यंत्रात हे एक वाक्य त्यांना सगळ्यांत प्रिय होतं. स्वतः ते यंत्राजवळ कधी थांबत नसत. रस्त्यापलीकडे जांभळाच्या झाडाखाली दगडावर बसायचे आणि तिथून नजर ठेवायचे. नाण्याच्या पेटीवर नाही, कपांवर. कुणी कप न विसळता ठेवला की पलीकडून आवाज यायचा, "ओ पाव्हनं! कप!" एकदा सरपंचांचे जावई चहा पिऊन तसाच कप ठेवून घाईघाईनं गाडीत चढले. कंडक्टरनं घंटी मारली. हे उठले आणि हात पसरून एसटीच्या पुढे उभे राहिले. ड्रायव्हर ओरडतोय, लोक खिडक्यांतून डोकी काढून बघतायत, हे ढिम्म. "पाव्हन्यांचा कप ऱ्हायलाय," एवढंच बोलले. शेवटी जावई खाली उतरले, लालबुंद चेहऱ्यानं कप विसळला, उपडा ठेवला, मगच गाडी हलली. सरपंच पुढे महिनाभर यांच्याशी बोलले नाहीत. यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता या यंत्रानं पोट कुणाचं दुखलं, तर फाट्यावरच्या हॉटेलवाल्या अण्णांचं. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, पुढे दोन बाकडी आणि एक रॉकेलचा स्टोव्ह. अण्णा गावातले जमीनदार घराण्यातले, स्वभावानं तसे दिलदार, रांगडे. माझ्या पांढऱ्या साडीला ते आग्रहानं आतल्या कपात चहा द्यायचे. आतल्या कपात म्हणते, कारण बाहेरचेही कप होते. पूर्वी ते भिंतीतल्या कोनाड्यात असायचे, बौद्धवाडीतल्या माणसांसाठी. पुढे अस्पृश्यतेच्या कायद्याचा धाक वाटू लागला तेव्हा अण्णांच्या वडिलांनी ते उचलून आत घेतले, पण आतही ते वेगळ्याच फळीवर बसले, बिनकानाचे, कडा उडालेले. कुणाला कुठला कप हे अण्णांना विचारावं लागत नसे. आणि त्या बिनकानाच्या कपातून जो पिईल त्यानं तो स्वतः विसळून ठेवायचा. बाकीच्यांचे कप अण्णा विसळायचे.

यंत्रावरच्या कपांना कुठलीच फळी वेगळी नव्हती. अण्णांनी पंचायतीत विषय काढला. म्हणाले, यंत्र असूद्या, आमची ना न्हाई, पर कपाचं कायतरी बगाया पायजे. यांना बोलावणं गेलं. हे गेले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्याला येगळा कप पायजे, त्यानं घरनं आनावा की. खटका कुनाच्याबी कपात चा वततोय."

आणि काय सांगू, लोकांनी खरंच आणले! पंधरा-वीस दिवस आमच्या फाट्यावर तो नजारा होता. मोठ्या घरातली मिश्यावाली माणसं धोतराच्या सोग्यात, पिशवीत, कुणी तर टोपीत, घरचा कप घेऊन एसटीची वाट बघत उभी. पुण्याहून येणारे प्रवासी विचारायचे, इथे कपांचा बाजार भरतो का? कुणाचा पिशवीत फुटला, कुणाचा गाडीत राहिला, कुणाची बायको कडाडली की पाहुण्यांसाठीचे कप संपत आले. मग हळूच एकानं फळीवरचा कप घेतला. मग दुसऱ्यानं. उन्हाळ्याच्या अखेरीस फळीपुढे सगळं गाव एका रांगेत उभं राहत होतं, पिऊन झालं की वाकून आपापला कप विसळत होतं, आणि पलीकडे जांभळाखाली हे बसून बघत होते. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. हसत नव्हते. पिकाला पाणी मिळालं की शेतकरी बांधावर बसतो ना, तसे बसले होते.

हल्ली मला त्यांची आठवण नको तिथे येते. परवा लेक-जावयानं मला हिंजवडीला कुठेशी जेवायला नेलं. तिथे काचेवर बोट लावून आपणच काय हवं ते सांगायचं, पैसेही त्या खांबालाच द्यायचे, ताट आपणच उचलून आणायचं, आणि खाऊन झालं की खरकटं ओतून ताट जाग्यावर ठेवायचं. "सेल्फ सर्व्हिस आहे, आई," जावई कौतुकानं म्हणाला. आजूबाजूला ही सगळी इंजिनियर पोरं मुकाट्यानं आपापली ताटं रचून ठेवत होती. मला एकदम हसू फुटलं, आणि का ते सांगायला बसले असते तर जेवण थंड झालं असतं.

कारण त्यातलं खरं मला समजलं होतं ते खटकेवाल्यांच्या वडिलांकडून. बाबांना मी रोज बघायला जायची. हाडांचा सापळा, पाय सुजलेले, धाप लागायची, पण बोलायची हौस दांडगी. एकदा त्यांचं ब्लडप्रेशर घेत असताना मी सहज म्हटलं, "बाबा, तुमच्या लेकाचं यंत्र एवढं गाजतंय, तुम्ही कधी चहा प्यायलात की नाही तिथला?"

"न्हाई," ते म्हणाले. "फाट्याव मी चा सोडलाय. त्याला लई वर्सं झाली."

मग त्यांनी सांगितलं. मुलाला कारखान्यात नोकरी लागली, पहिला पगार झाला, तेव्हा तो नवी पँट-शर्ट घालून गावी आला आणि वडिलांना म्हणाला, चला, फाट्यावर चहा पाजतो. गेले. तेव्हा हॉटेलात अण्णांचे वडील बसायचे. त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. यांनी दोन कप घेतले, खाली धरले, वरून चहा पडला. पैसे हातात घ्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे, ठेवले. म्हाताऱ्या हॉटेलवाल्यानं पैशांवर पाणी शिंपडलं आणि मग ते उचलले.

"चा पिऊन झाला," बाबा सांगत होते, "आन मी दोनी कप इसळाया बसलो. माजा बी आन त्याचा बी. नवी पँट, कुटं वाकतोय बिचारा. मला त्याचं कायबी वाटत न्हवतं हो, बाई. जल्मभर इसळलं. पर मान वर केली तर पोरगं माज्याकडं बगत हुतं." मी हवा सोडली, पट्टा काढला. "येताना वाटंत मी त्याला म्हनलं, आता हितला चा बंद. तवापास्नं बंद."

मी मनाशी जुळवत गेले. नाणं हातात द्यायचं नाही, फळीवर ठेवायचं. चहा वरून पडणार, हाताला हात लागणार नाही. पिऊन झालं की आपला कप आपण विसळायचा. म्हणजे या माणसानं बापाला मिळालेला तो चहा जसाच्या तसा टाकीत भरला होता, आणि आता सगळं गाव चार आणे देऊन तो पीत होतं. सरपंचांचे जावईसुद्धा. मला त्या घरातली फळी आठवली, मागे सरणारं ते एक पाऊल आठवलं, आणि माझ्या मनात त्यांना दिलेली सगळी नावं मी एकेक करून परत घेतली. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवलेही नाहीत.

"मग आता तर चला की, बाबा," मी म्हटलं. "आता तिथे सगळे एकसारखे आहेत. सगळेच विसळतात."

"सगळी इसळत्यात," बाबा म्हणाले, "म्हंजी मला बी इसळाया लागंल की."

मी पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला.

"मला येकच कप प्याचाय," ते म्हणाले. "फाट्याव, हुबा ऱ्हाऊन, चार लोकांत. आन पिऊन झाला की तसाच ठेवून याचाय. बास."

मी त्यांच्या मुलाला गाठलं. बाबांची तब्येत मला दिसत होती. पुढचा उन्हाळा ते बघतील असं माझं मन मला सांगत नव्हतं. मी म्हटलं, दादा, एक दिवस तुम्ही त्यांचा कप विसळा, नाहीतर मी विसळते, काय बिघडलं? ते पाना फिरवत राहिले. मग म्हणाले, "माज्या बापाला सूट दिली की उद्या सरपंच म्हनंल माज्या बापाला बी द्या. परवा आन्ना म्हनंल. तेरवा कोनाडा परत आला समजा, बाई."

"अहो, पण बाप आहे तुमचा!"

"म्हनूनच," ते म्हणाले. "त्यांच्याचपायी तर केलंय. त्यांच्यापायी मोडू व्हय?"

मी चिडून निघून आले. त्या दिवसांत बापलेकांचं बोलणंही कमी झालं होतं. मुलगा रोज रात्री बापाचे पाय चेपायचा, पण चहाचा विषय दोघंही काढायचे नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "दोगं बी खरं बोलत्यात आन दोगं बी जेवत न्हाईत. म्या काय करू?"

मग हिवाळ्यात एक दिवस मी बाबांना पौडला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन निघाले. त्या आठवड्यात रॉकेलची टंचाई होती. अण्णांचा स्टोव्ह बंद, हॉटेलही बंद. कोळशावरचं यंत्र तेवढं चालू. थंडीचे दिवस, सकाळची गाडी उशिरा, आणि सगळा फाटा यंत्रापुढे रांगेत. बाबा शेडमधे टेकून बसले होते. काय वाटलं कुणास ठाऊक, ते उठले, काठी टेकत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी काही बोलले नाही. त्यांच्या मागे येऊन उभं कोण राहिलं, तर अण्णा. कानाला मफलर, चेहऱ्यावर चहाची तलफ, आणि दुसऱ्याच्या दारात चहा प्यावा लागतोय याचा वैताग.

बाबांचा नंबर आला. त्यांनी फळीवरचा कप नळाखाली ठेवला, कनवटीचं नाणं काढलं, खाचेत टाकलं, दांडा ओढायला जोर पुरेना म्हणून दोन्ही हातांनी ओढला. चहा पडला. बाजूला सरकून, फळीला टेकून, ते सावकाश प्यायले. फुंकर घालून, चवीनं. बाकीचे कप लोकांच्या हातांत होते, त्यामुळे अण्णा बाबांच्या कपाची वाट बघत तिथेच थांबलेले. पलीकडे जांभळाखाली मुलगा उभा राहिला होता.

बाबांचा चहा संपला. त्यांनी मिशा पुसल्या. कप फळीवर ठेवला, न विसळता, आणि काठी घेऊन शेडकडे चालू लागले.

एसटी अडवणारा माणूस हा, सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी पलीकडे बघितलं. खटकेवाले रस्त्यावर उतरले, अर्ध्या रस्त्यापर्यंत आले आणि थांबले. पुढे येऊन कप उचलावा तर नियम गेला, ओरडावं तर समोर बाप. मी त्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. मला धावत जाऊन तो कप घ्यावासा वाटत होता.

"सरका की रं," अण्णा वैतागून म्हणाले. "मला चा पायजे. तुमचा तमाशा न्हाई बगायचा." त्यांनी बाबांचा कप उचलला, पिंपापाशी गेले, खटका दाबला, आत बोटं घालून कप विसळला, झटकला, आणि नाणं खाचेत टाकलं.

अण्णांच्या मनात त्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित नुसती तलफ होती. मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय कधी काढला नाही. पण रांगेतल्या एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं घसा खाकरला, आणि मग सगळे एकदम थंडीबद्दल बोलू लागले. रस्त्याच्या मध्ये उभे असलेले खटकेवाले तसेच मागे वळले आणि जाऊन आपल्या दगडावर बसले. गाडी आली तरी त्यांनी मान वर केली नाही.

बाबांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं. गाडीत खिडकीशी बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कुनी इसळला?"

"अण्णांनी."

पौड जवळ आल्यावर ते माझ्याकडे वळले. "नीट इसळला का पर? बुडाला साखर ऱ्हाती."

"नीट विसळला," मी म्हटलं. "आत बोटं घालून."

"मग झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा खटकेवाले यंत्रापाशी स्टुलावर उभे होते, हातात ब्रश, शेजारी लाल रंगाचा डबा. रंगवून झाल्यावर ब्रश खाली घ्यायला म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी हनुवटीनं फळी दाखवली. ते काही बदलणार नव्हते. पण पाटीवर जुन्या पांढऱ्या ओळीखाली एक नवी ओळ आली होती: म्हातारं माणूस असेल तर मागच्यानं विसळावा.

कुणाचं म्हातारं, ते लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी बाबांना गोळ्या द्यायला गेले. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलानं काहीतरी लिहिलंय एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. मला म्हणाले, काय लिवलंय ते सांगा. मी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग उशाशी ठेवलेली काठी हातानं चाचपली, सुजलेले पाय खाली सोडले आणि म्हणाले, "म्हंजी आता रोज जायाला पायजे."

आणि पाय चालले तोवर ते रोज गेले.